‘स्वयम’वरचे सुरुवातीचे चार कोर्स: दगड, ताट, आकाश आणि फळा

पदवीच्या पहिल्या वर्षी ‘ओपन इलेक्टिव्ह’चा रकाना भरायची वेळ आली की बऱ्याच कॉलेजांत तीच अडचण येते. भूशास्त्र शिकवायला माणूस नाही, खगोलशास्त्राला दुर्बीण नाही, आहारशास्त्राचा विभाग दुसऱ्याच शहरात. मग ‘स्वयम’ पोर्टलकडे बोट दाखवलं जातं. केंद्र सरकारचं हे पोर्टल ९ जुलै २०१७ रोजी सुरू झालं. शिकणं फुकट, पैसे लागतात ते फक्त परीक्षेला. भूविज्ञान, पोषण, खगोल आणि अध्यापन या चारही विषयांत अगदी सुरुवातीपासून शिकवणारे कोर्स तिथे येत असतात. एकाच विषयावर वेगवेगळ्या संस्था वेगवेगळ्या सत्रांत कोर्स चालवतात. म्हणून एका कोर्सचं नाव धरून बसण्यापेक्षा चांगला कोर्स कसा ओळखायचा, त्यातून काय काढून घ्यायचं आणि माणूस कुठे फसतो, ते इथे लिहितो आहोत.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. या कोर्सांत व्हिडिओ हा सगळ्यात कमी कामाचा भाग आहे. लेक्चर दीडपट वेगाने ऐकलं, असाइनमेंटची उत्तरं ग्रुपवरून घेतली, सर्टिफिकेट आलं, आणि सहा महिन्यांनी गारगोटी आणि चुनखडी यांतला फरक सांगता येत नाही, अशी मुलं दर वर्षी दिसतात. दोष पोर्टलचा नाही. हे चारही विषय हाताने शिकायचे आहेत. ज्या आठवड्यात हातात दगड, वजनकाटा, सावलीची काठी किंवा समोर चार ऐकणारी माणसं नव्हती, तो आठवडा वाया गेला असं धरा.

आधी नियम, कारण पहिली चूक तिथेच होते

‘स्वयम’च्या प्रत्येक कोर्सचे चार भाग असतात: व्हिडिओ, वाचायचं साहित्य, स्वतःची चाचणी आणि शंका विचारायची जागा. एनपीटीईएलचे, म्हणजे आयआयटी आणि आयआयएससी यांचे कोर्स ४, ८ किंवा १२ आठवड्यांचे. त्यांना अनुक्रमे १, २ आणि ३ क्रेडिट. इथेच पहिला घोळ होतो. तुमच्या विद्यापीठात ओपन इलेक्टिव्ह २ किंवा ४ क्रेडिटचं असेल, तर १२ आठवड्यांचा ३ क्रेडिटचा कोर्स त्या चौकटीत बसत नाही. कोर्स संपल्यावर परीक्षा विभागाशी हुज्जत घालण्यापेक्षा नाव नोंदवायच्या आधी कॉलेजच्या समन्वयकाकडून लेखी होकार घ्या. एका सत्रातल्या एकूण विषयांपैकी ४० टक्क्यांपर्यंत ‘स्वयम’वरून घ्यायला यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनी मुभा दिली आहे. पण तुमचं विद्यापीठ नेमकं काय स्वीकारतं, ते तिथेच विचारावं लागतं.

दुसरी चूक याहून महाग पडते. कोर्सला नाव नोंदवणं आणि परीक्षेचा फॉर्म भरणं ही दोन वेगळी कामं आहेत. दर सत्रात अशी मुलं निघतात, जी बाराही असाइनमेंट वेळेत देतात आणि परीक्षेचा फॉर्मच भरत नाहीत, कारण ‘आपण एनरोल आहोत ना’ अशी त्यांची समजूत असते. दोन्हीकडे ईमेल एकच हवा. फॉर्ममध्ये नाव जसं टाइप कराल तसंच सर्टिफिकेटवर छापून येतं, म्हणून ते मार्कशीटशी अक्षर न् अक्षर जुळवून घ्या.

गुणांचा हिशेब एनपीटीईएलमध्ये असा: असाइनमेंटला २५, परीक्षेला ७५. बारा आठवड्यांच्या कोर्समध्ये सर्वांत चांगल्या ८ असाइनमेंट धरतात, आठ आठवड्यांच्या कोर्समध्ये ६, चारच्या कोर्समध्ये ३. पास व्हायला असाइनमेंटमध्ये २५ पैकी १० आणि परीक्षेत ७५ पैकी ३०, दोन्हीकडे वेगवेगळे. एकीकडचे जास्त गुण दुसरीकडे कामी येत नाहीत. मुदतीच्या आत असाइनमेंट कितीही वेळा परत देता येते आणि शेवटची दिलेलीच धरली जाते. म्हणून पहिल्याच दिवशी एकदा भरून ठेवा, मग शांतपणे सुधारा. मुदत उलटली की काही करता येत नाही. बाकीच्या संस्थांच्या कोर्सांत हेच प्रमाण साधारण ३० आणि ७० असतं. परीक्षा केंद्रावर जाऊन, बहुधा संगणकासमोर द्यायची असते, घरबसल्या नाही.

भूविज्ञान: तुमच्या पायाखालचा दगड कोर्समध्ये आहे का?

कोर्सची आठवड्यांची यादी उघडा आणि एकच गोष्ट शोधा: खनिज ओळखायला किती वेळ दिला आहे? दोन आठवडे असतील तर कोर्स घ्या. खनिजं आणि खडक मिळून एकाच आठवड्यात उरकले असतील आणि पुढचे चार आठवडे भूपट्ट, हिमालय आणि समुद्रतळ यांना दिले असतील, तर तो कोर्स ऐकायला छान वाटतो, पण हाताशी काही लागत नाही. हिमालय शिकवायलाच हवा. मात्र महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत विद्यार्थी ज्या दगडावर उभा आहे तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा बेसाल्ट आहे. सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेल्या या दख्खनच्या थरांना यादीत निदान एक व्याख्यान तरी हवं.

खनिज ओळखायला महागडी पेटी लागत नाही. फरशीचा तुटका तुकडा घ्या. त्याची मागची, चकाकी नसलेली, खरखरीत बाजू म्हणजे कस, म्हणजे खनिजाच्या पुडीचा रंग, बघायची पाटी. गेरूचा खडा त्यावर ओढला की तांबूस-तपकिरी रेघ उमटते. हेमटाइट हे खनिज वरून काळं, चकचकीत दिसलं तरी रेघ तांबडीच देतं, आणि मॅग्नेटाइट काळी देतं. वरचा रंग फसवतो, कस फसवत नाही. पण गारगोटी फरशीवर ओढलीत आणि पांढरी रेघ दिसली, तर तो गारगोटीचा कस नाही. गारगोटी फरशीइतकी किंवा तिच्याहून कठीण असल्यामुळे झिजली ती फरशी. बोट फिरवा: पावडर पुसली जाऊन खाली चरा दिसला तर फरशीच खरवडली गेली. हा एक प्रश्न असाइनमेंटमध्ये हमखास चुकतो, कारण व्हिडिओत चरा दिसत नाही.

कठिनता बघताना नख साधारण २.५, तांब्याचं नाणं ३.५ च्या आसपास, चाकूचं पातं आणि काच ५.५ च्या आसपास धरतात. दोन नियम पाळा. पहिला, दगडाच्या ताज्या फुटलेल्या बाजूवरच चाचणी करा, कारण पावसापाण्याने कुजलेली वरची बाजू मऊ झालेली असते आणि कडक बेसाल्टही नखाने उकरल्यासारखा वाटतो. दुसरा, रेघ दिसली की पुसून बघा. पुसली गेली तर मऊ वस्तूची पूड कठीण वस्तूवर लागली होती, ओरखडा नव्हताच.

या दोन चाचण्या आणि थोडं व्हिनेगर एवढ्या सामानावर घाटातल्या बेसाल्टच्या पोकळ्यांत सापडणारी पांढरी खनिजं वेगळी करता येतात. लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या, आणि नंतर झिरपणाऱ्या पाण्याने त्या भरल्या. काचेवर चरा पाडतं ते क्वार्ट्झ किंवा त्याच्या कुळातलं. चाकूने खरवडलं जातं आणि पूड व्हिनेगरमध्ये बारीक बुडबुडे सोडते ते कॅल्साइट. चाकूने खरवडलं जातं, बुडबुडे येत नाहीत, आणि गव्हाच्या पेंढीसारखं मधे आवळलेलं, मोत्यासारख्या चमकेचं असेल तर स्टिल्बाइट, म्हणजे झिओलाइट गटातलं खनिज. अॅपोफिलाइटला दुकानदार झिओलाइटमध्येच धरतात. ते सापडतं शेजारी शेजारी, पण गट वेगळा. कोर्सच्या लेक्चरमध्ये हा फरक सांगितला असेल तर शिकवणारा दख्खनमध्ये हिंडलेला आहे असं समजायला हरकत नाही.

थरांचा क्रम शिकायला घाटरस्त्याची कापलेली दरड उत्तम. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. दोन प्रवाहांच्या मधे तांबडा मातीसारखा पट्टा दिसला, तर मधल्या काळात खालचा लाव्हा उघडा पडून कुजला होता. उभी भित्ती, म्हणजे भेगेत शिरून गोठलेल्या लाव्ह्याची भिंत, थरांना कापत गेली असेल तर ती त्या थरांनंतरची. वहीत दहा मिनिटांत रेखाटन करा, फोटोवर भागवू नका. रेखाटताना डोळा ज्या सीमारेषा शोधतो त्या फोटो काढताना शोधत नाही. पावसाळ्यात दरडीखाली उभं राहून हे काम करायचं नाही. हातोडी मारताना डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण बेसाल्टचा कपचा काचेसारखा उडतो. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ‘भूकोश’ संकेतस्थळावर नकाशे फुकट बघता येतात. जायच्या आधी आपला तालुका तिथे उघडून पाहा.

भूकंपाच्या आठवड्यात परिमाण आणि तीव्रता यांची गल्लत जवळजवळ सगळ्यांची होते. परिमाण भूकंपाचं, एकच आकडा. तीव्रता गावागणिक वेगळी. परिमाण १ ने वाढलं की कंपनाचा आयाम १० पट आणि ऊर्जा सुमारे ३२ पट. शिकायला दोन उदाहरणं आपल्याकडचीच आहेत. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप, जो जलाशयामुळे चालना मिळालेल्या भूकंपांत जगभर अभ्यासला जातो, आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा किल्लारीचा, परिमाण ६.२. किल्लारीचा भाग त्या वेळच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या पट्ट्यात होता. तो पहिला पट्टा पुढे २००२ च्या नकाशातून काढूनच टाकला. एखाद्या कोर्समध्ये भारताच्या भूकंपप्रवण पट्ट्यांत तो पहिला पट्टाही शिकवत असतील तर ते साहित्य त्याआधीचं आहे, हे लगेच ओळखा.

पोषण: आकडे कोणत्या सालचे ते आधी बघा

चौघांत हा विषय रोजच्या जगण्याला सर्वांत जवळचा, आणि जुन्या आकड्यांचा धोकाही इथेच सर्वांत मोठा. आयसीएमआर आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये भारतीयांच्या पोषणगरजा नव्याने मांडल्या. आधीच्या, २०१० च्या तक्त्यात प्रमाण पुरुष ६० किलोचा होता; आता ६५ किलोचा. स्त्री ५५ किलोची. प्रथिनांची शिफारस दिवसाला किलोमागे १ ग्रॅमवरून ०.८३ ग्रॅम झाली, म्हणजे पुरुषाला सुमारे ५४ ग्रॅम, स्त्रीला ४६ च्या आसपास. बैठं काम करणाऱ्या पुरुषाची ऊर्जा २३२० वरून २११० किलोकॅलरी, स्त्रीची १९०० वरून १६६०. पहिल्या दोन आठवड्यांच्या स्लाइडवर २३२० दिसलं, तर कोर्स जुन्या तक्त्यावर उभा आहे. त्याची परीक्षा त्याच आकड्यांवर होईल, हेही ध्यानात ठेवा. परीक्षेत कोर्सचा आकडा लिहा, घरी नवा वापरा.

एक खाच चांगल्या कोर्समध्येच समजावून सांगतात. सरासरी गरज आणि शिफारस केलेलं प्रमाण या दोन वेगळ्या गोष्टी. शिफारस इतकी ठेवलेली असते की साधारण ९७ टक्के निरोगी लोकांची गरज तिच्यात भागावी. त्यामुळे एखादी मुलगी लोहाच्या २९ मिलिग्रॅम शिफारशीच्या खाली आहे म्हणून तिला लोह कमी पडतंय असं थेट म्हणता येत नाही. वसतिगृहातल्या शंभर मुलींपैकी किती जणींना कमी पडत असेल हे काढायचं, तर सरासरी गरज, म्हणजे १५ मिलिग्रॅम वापरावी लागते. प्रकल्प लिहिणाऱ्या दहापैकी नऊ जण इथे शिफारस वापरतात आणि ‘सगळ्या मुली कुपोषित’ असा निष्कर्ष काढून मोकळे होतात.

आता ताट. असाइनमेंटमध्ये एका दिवसाच्या आहाराचा हिशेब मागतातच. पाच रुपयांच्या पुड्यावरचं लेबल आणि परदेशी अॅप बाजूला ठेवा आणि राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे भारतीय अन्नघटक तक्ते घ्या. ५२८ पदार्थ आहेत त्यात. स्वयंपाकघरातला वजनकाटा १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा असावा. मध्यम भाकरीला ५० ग्रॅम ज्वारीचं पीठ धरलं तर दोन भाकऱ्यांचे १०० ग्रॅम: सुमारे ३३४ किलोकॅलरी, १० ग्रॅम प्रथिनं. वाटीभर वरणाला ३० ग्रॅम तूरडाळ: १०० किलोकॅलरी, साडेसहा ग्रॅम प्रथिनं. चटणीतले १५ ग्रॅम शेंगदाणे: ७८ किलोकॅलरी, साडेतीन ग्रॅम. भाजीतलं दोन चमचे, म्हणजे १० ग्रॅम तेल: ९० किलोकॅलरी. भाजी सोडून बेरीज ६०० च्या वर जाते आणि प्रथिनं २० ग्रॅम. असं ताट दोन वेळा जेवलं तर ४० ग्रॅम. पुरुषाच्या ५४ पासून बरंच लांब, आणि तेही नुसत्या बेरजेने. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन कमी असतं, ते डाळ भरून काढते. म्हणून वरण पातळ झालं की नुकसान दुहेरी होतं.

चुका ठरावीक आहेत. सगळ्यात मोठी चूक म्हणजे शिजवलेलं वजन कच्च्याच्या रकान्यात टाकणं. १०० ग्रॅम वरणाला तक्त्यातलं १०० ग्रॅम डाळीचं मूल्य लावलं की प्रथिनं २१ ग्रॅमच्या वर दिसतात, खरी असतात त्याच्या तिसऱ्या भागाहूनही कमी. तेल विसरणं ही दुसरी. पाच जणांच्या भाजीत किती चमचे पडले ते कढईपाशी उभं राहूनच कळतं. जेवणाबरोबरचा चहा लोहाचं शोषण कमी करतो आणि ताटातली लिंबाची फोड ते वाढवते, हे तक्त्यात कुठेच दिसत नाही. म्हणून आकड्यांच्या खाली दोन ओळी टीप लिहायची सवय लावा, गुण मिळतात.

बीएमआयचा धडा परदेशी साहित्यावरून घेतलेला असेल तर अतिवजन २५ पासून आणि स्थूलता ३० पासून सांगतात. भारतीयांसाठी २३ आणि २५ ह्या मर्यादा वापरतात. फरक बारीक वाटतो, पण १६५ सेंटिमीटर उंचीच्या माणसाला नुसत्या अतिवजनाच्या मर्यादेतच तो साडेपाच किलोंचा पडतो.

आणि कळकळीने सांगायचं ते हे, की १२ आठवड्यांचा कोर्स करून कुणी आहारतज्ज्ञ होत नाही. घरच्यांचं ताट सुधारा, जरूर सुधारा. पण किडनीच्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णाला प्रथिनं आणि कर्बोदकं किती ते सांगायला जाऊ नका. अशा माणसाच्या आहारात नुसती डाळ वाढवणंसुद्धा अपाय करू शकतं.

खगोल: काठी, सावली आणि लॉगॅरिदम

खगोलाच्या कोर्सांत दोन जाती असतात आणि वर्णनावरून त्या ओळखू येत नाहीत. पहिल्या आठवड्याची असाइनमेंट उघडून बघा. आकाशगोल, ऋतू, चंद्रकला असतील तर कोर्स सगळ्यांसाठी आहे. पहिल्याच आठवड्यात डेरिव्हेटिव्ह आणि प्रारणाची सूत्रं आली तर तो भौतिकशास्त्राच्या मुलांचा. कला किंवा वाणिज्य शाखेच्या मुलांनी त्यात उडी घेऊ नये. सर्वांसाठीच्या कोर्समध्येही लॉगॅरिदम टळत नाही: ताऱ्याच्या प्रतीत ५ चा फरक म्हणजे तेजात १०० पट, एका प्रतीला सुमारे २.५१२ पट, आणि प्रत जितकी लहान तितका तारा तेजस्वी. अंतराचा हिशेब लंबनावरून येतो, म्हणजे पृथ्वी सूर्याभोवती फिरताना तारा किंचित सरकलेला दिसतो त्यावरून काढलेल्या कोनावरून. लंबन १ सेकंद (अंशाचा ३६०० वा भाग) असेल तर अंतर १ पार्सेक, म्हणजे ३.२६ प्रकाशवर्षं. सूर्य सोडला तर आपला सर्वांत जवळचा तारा प्रॉक्झिमा ०.७६८ सेकंद लंबनाचा, म्हणून १.३ पार्सेक, ४.२४ प्रकाशवर्षं. प्रश्नात लंबन मिलिसेकंदात दिलेलं असतं आणि मुलं तसंच भागतात. उत्तर हजारपट चुकतं.

मराठी घरात वाढलेल्या विद्यार्थ्याची इथे एक मोठी शिदोरी असते आणि कोर्स ती वापरत नाहीत. कृत्तिका, रोहिणी, मृग, व्याध, चित्रा, स्वाती, ज्येष्ठा ही नावं आपल्याला आधीच ठाऊक असतात. कार्तिकात पौर्णिमेचा चंद्र कृत्तिकांच्या आसपास आणि चैत्रात चित्रेजवळ असतो, म्हणून महिन्यांची ती नावं. मकरसंक्रांत १४ जानेवारीच्या सुमारास आणि सूर्य खरोखर उत्तरेकडे वळतो २१-२२ डिसेंबरला. मधले सुमारे २४ दिवस पृथ्वीच्या अक्षाच्या संथ गिरकीने पडलेले आहेत, ७२ वर्षांत सुमारे १ अंश या गतीने. परांचन गतीचा याहून चांगला दाखला परदेशी पुस्तकात मिळणार नाही.

करून बघायचा प्रयोग म्हणजे सावलीची काठी. एक मीटरची सरळ काठी ओळंब्याने उभी करा, खाली सपाट फळी आणि पांढरा कागद. सावलीचं टोक दर ५ मिनिटांनी टिंब करून नोंदवा. सर्वांत आखूड सावली म्हणजे खरी मध्यान्ह, आणि तिची दिशा खरी उत्तर-दक्षिण. घड्याळात १२ वाजता एकदाच मोजून मोकळं होणं ही ठरलेली चूक. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची. पुणे त्याच्या साडेआठ अंशांहून थोडं अधिक पश्चिमेला, दर अंशाला ४ मिनिटं, म्हणून पुण्याची मध्यान्ह सरासरी १२:३५ ला. नागपूरची १२:१४ च्या आसपास. त्यातही वर्षभर मागेपुढे होतं: पुण्यात नोव्हेंबरच्या सुरुवातीला ती १२:१८ च्या सुमारास येते आणि फेब्रुवारीच्या मध्यावर १२:४९ पर्यंत लांबते. म्हणून पुण्यात १२:१० पासून १ वाजेपर्यंत मोजत राहा. कोल्हापूर आणि नागपूरच्या दोन विद्यार्थ्यांनी एकाच दिवशी आपापल्या मध्यान्हीचे कोन मोजले तर साडेचार अंशांच्या आसपास फरक यायला हवा, आणि त्यावरून पृथ्वीचा परीघ काढता येतो. कोनात अर्ध्या अंशाची चूक झाली तरी उत्तर ११ टक्क्यांनी सरकतं, म्हणून काठी खरंच उभी आहे ना, हे ओळंब्याने पुन्हा पुन्हा बघा.

रात्री ध्रुवताऱ्याची उंची मोजा: हात ताठ करून मूठ म्हणजे साधारण १० अंश, करंगळी १ अंश. रत्नागिरीला ध्रुव १७ अंशांवर, नागपूरला २१ वर, आणि तेच त्या गावाचं अक्षांश. दुर्बीण घेऊ नका, निदान या सत्रात नको. ‘स्टेलेरियम’ हे फुकट सॉफ्टवेअर पुरतं. त्यात आपलं गाव भरायला मात्र विसरू नका, नाहीतर ते दुसऱ्याच शहराचं आकाश दाखवत बसेल. पुणे जिल्ह्यात राहणाऱ्यांनी खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीला भेट द्यावी. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना तिथे आणि आसपासच्या परिसरात पसरलेल्या आहेत, आणि राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास, २८ फेब्रुवारीला, ते लोकांना बघायला मिळतं.

अध्यापन: चौघांत कमजोर, तरी घेण्यासारखा

शिकवायचं कसं हे सांगणारा कोर्स स्वतः ४० मिनिटांची सलग व्याख्यानं देतो आणि चार पर्यायांच्या प्रश्नांवर परीक्षा घेतो. ही उणीव या माध्यमाचीच, तिला इलाज नाही. शिकण्याच्या उद्दिष्टांच्या ब्लूमकृत वर्गीकरणाच्या पायऱ्या (१९५६ ची आणि २००१ ची सुधारित, दोन्ही विचारतात) पाठ करून गुण मिळतात, पण वर्गात उभं राहता येत नाही.

यादीत सूक्ष्म अध्यापन असेल तर तोच कोर्स निवडा. भारतात रुळलेला त्याचा घाट ३६ मिनिटांचा: ६ मिनिटं शिकवणं, ६ अभिप्राय, १२ नव्याने आखणी, ६ पुन्हा शिकवणं, ६ पुन्हा अभिप्राय. चार मित्र आणि एक फोन एवढं पुरतं. एका वेळी एकच कौशल्य धरा. प्रश्न विचारणं घेतलं तर फलकलेखनाबद्दल बोलायचं नाही. रेकॉर्डिंग परत ऐकताना एकच गोष्ट मोजा: प्रश्न विचारल्यानंतर किती सेकंद थांबलात? सर्वसाधारणपणे शिक्षक जेमतेम १ सेकंद थांबतात. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात दाखवलं, की ही थांबण्याची वेळ ३ सेकंदांवर नेली तर उत्तरं लांब होतात आणि गप्प मुलंही बोलतात. तीन सेकंद मनात मोजताना फार लांब वाटतात, आणि पहिल्या चार-पाच वेळा शिक्षक स्वतःच उत्तर देऊन टाकतो.

पाठाचं उद्दिष्ट लिहिताना ‘मुलांना खनिजांची माहिती होईल’ असं लिहू नका. ‘दिलेल्या चार खनिजांचे कस फरशीवर काढून मुलं हेमटाइट वेगळं करतील’ असं लिहा. दुसरं तपासता येतं, पहिलं नाही. असाइनमेंट मानवी तपासणीची असेल तर सगळ्यात जास्त गुण इथेच जातात.

दोन गोष्टी कोर्समध्ये सांगितल्या तरी मनावर घेऊ नका. ‘दृश्य, श्राव्य आणि कृतिशील’ अशा शिकण्याच्या शैलींप्रमाणे मुलांची विभागणी करून शिकवल्याने फायदा होतो, याला भक्कम पुरावा नाही. २००८ मध्ये पॅश्लर आणि सहकाऱ्यांनी तो शोधून पाहिला. आणि ‘वाचलेलं १० टक्के, शिकवलेलं ९० टक्के लक्षात राहतं’ हा त्रिकोण एडगर डेल यांच्या नावावर फिरतो, पण त्यांच्या १९४६ च्या मूळ शंकूत टक्केवारी नव्हतीच. परीक्षेत विचारलं तर कोर्सप्रमाणे लिहा, वर्गात वापरू नका. हा कोर्स बी.एड. किंवा डी.एल.एड.ची जागा घेत नाही, टीईटीला तो चालणार नाही.

भाषा आणि सत्र

व्याख्यानं बहुतेक इंग्रजीत असतात. मराठी माध्यमातून आलेल्यांनी पहिल्या आठवड्यापासून दोन रकान्यांची वही ठेवावी: डावीकडे इंग्रजी संज्ञा देवनागरीत, उजवीकडे मराठी. स्ट्रीक म्हणजे कस, क्लीव्हेज म्हणजे पाटन, लॅटराइट म्हणजे जांभा. मराठी विश्वकोश आणि भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश दोन्ही ऑनलाइन आहेत. मराठी शब्द कळला की पुष्कळदा अर्धी व्याख्या हाती येते.

सत्रं दोन: जानेवारी ते एप्रिल आणि जुलै ते ऑक्टोबर. खगोलाचा कोर्स जानेवारीतच घ्या. मृग आणि व्याध रात्री आकाशात चांगले वर असतात, आकाश स्वच्छ असतं. जुलैत नाव नोंदवलंत तर पहिले आठ आठवडे ढगच दिसतील. मेच्या मध्यावर पुण्या-मुंबईत काठीची सावली मध्यान्ही पायाशी नाहीशी होते, आणि तोवर एनपीटीईएलची परीक्षा बहुधा आटोपलेली असते. भूविज्ञान जुलैत चालेल: पावसाळाभर फरशी, चाकू आणि व्हिनेगर घेऊन घरी खनिजं ओळखा, आणि ऑक्टोबरात दरडी सुकल्या की वही घेऊन घाटात जा.